पुढच्या बाकावर बसावे, आतल्या हॉलमध्ये जाऊ नये

अंबाजोगाईच्या जुन्या गावात, योगेश्वरी मंदिराकडे जाणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी, माझ्या आठवणीच्या आधीपासून एक हॉटेल चालू आहे. त्याला पाटी नाही. माझ्या शाळेच्या दिवसांत नव्हती आणि यंदाच्या मे महिन्यातही दिसली नाही, त्यामुळे या अभिप्रायात नाव देण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी आठच्या आत मंदिराच्या बाजूला येऊन ‘मामांची सुशीला कुठे मिळते’ एवढे विचारावे, कोणीही हात करून दाखवील. हॉटेल या शब्दाबद्दलही आधीच सांगून ठेवलेले बरे. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहाचे आधण, भज्यांची कढई आणि चार बाक. मुक्कामाला खोली मिळते त्या जागेला आम्ही लॉज म्हणतो.

मी गेली अठरा वर्षे पुण्यात नोकरी करतो आणि दर मे महिन्यात दहा-बारा दिवसांसाठी गावी जातो. आई आणि थोरले बंधू तिथेच असतात. अंबाजोगाईला रेल्वे नाही. परळी वैजनाथला किंवा लातूरला उतरून पुढे एसटी धरावी लागते, म्हणून मी रात्रीच्या बसनेच येतो आणि पहाटे सहाच्या सुमाराला उतरतो. तेथून सरळ घरी जाणे हा शहाणपणाचा मार्ग असला तरी वाटेत हे हॉटेल लागते आणि त्या वेळी पहिली परात उतरलेली असते. घरी पोहोचल्यावर आई पाण्याचा तांब्या देताना माझ्या बोटांकडे बघते, पिवळी दिसली की काही न बोलता आत जाते आणि मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘आता पोहे कशाला करू?’

सुशीला हे नाव ऐकून बाहेरचे लोक हसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मुरमुरे पाण्यात बुचकळून, पिळून, फोडणीवर परतलेला हा न्याहारीचा पदार्थ आहे. पोह्यांचा तो चुलत भाऊ म्हणता येईल, पण पोह्यांपेक्षा हलका आणि बोटांना जास्त मऊ लागतो. बीड, लातूर, परभणी, नांदेड या भागांत तो घराघरांत होतो. उत्तर कर्नाटकात त्यालाच सुसला म्हणतात आणि आंध्रातील रायलसीमेत उग्गाणी या नावाने तो मिरचीच्या भज्यांबरोबर खातात, म्हणजे जोडीसुद्धा आमचीच. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि आमच्या आजोबांच्या पिढीचे कोर्टकचेरीपासून सोयरिकीपर्यंतचे येणे-जाणे बीदर, गुलबर्गा, रायचूर या बाजूंना होते. तेव्हा पुण्याकडे तोंड करून या पदार्थाचे मूळ शोधू नये असे माझे मत आहे.

आम्ही एका वर्गातले चौघे दरवर्षी या हॉटेलात भेटतो. एक जण जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, एकाचे कृषी सेवा केंद्र आहे, आणि उरलेले दोघे, म्हणजे मी आणि हैदराबादहून येणारा एक मित्र, मे महिन्यातले पाहुणे. पहाटे उठून, मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत चालत जायचे आणि ऊन चढायच्या आत परत येऊन पुढच्या बाकावर बसायचे, हा क्रम कित्येक वर्षे चालू आहे. बालाघाटाच्या डोंगरात असल्यामुळे आमच्या गावची पहाट खालच्या मुलखापेक्षा जरा बरी असते, पण नऊ वाजले की तो फरक संपतो.

पुढचा बाक म्हणतो त्याचे कारण असे की, तेथून मामांचे हात दिसतात. मामा आता सत्तरीच्या पुढे आहेत. कढई आणि परात त्यांनी अजून कोणाच्या हाती दिलेली नाही. यंदा मी पहिल्यांदाच गप्पा बाजूला ठेवून नीट बघितले. मोठ्या घमेल्यात पाणी असते, त्यात टोपलीभर मुरमुरे ओततात आणि दोन्ही हातांनी एकदा खालचे वर, वरचे खाली करतात. बस्स, तेवढाच वेळ. मुरमुरे पाण्यावर तरंगतच असतात, बुडायच्या आतच ते ओंजळीत येतात आणि तळव्यांत दाबून परातीत पडतात. आमच्या घरी सुशीला बिघडते ती नेमकी इथे. फोन वाजला, कोणी हाक मारली, की तेवढ्यात मुरमुऱ्यांचा लगदा होतो आणि मग त्याला काहीही केले तरी तो सुटा होत नाही.

फोडणीत शेंगदाणे सर्वांत आधी पडतात आणि पुरते लाल होईपर्यंत थांबतात, त्यानंतर मोहरी, जिरे, कढीपत्ता आणि चिरलेल्याऐवजी ठेचलेली हिरवी मिरची. कांदा फक्त घाम येईपर्यंत परततात. साखर घालत नाहीत, आणि कोणी मागितली तर मामा ऐकू न आल्यासारखे करतात. मिठाची चिमूटही अगदी जपून पडते, कारण मुरमुरे फुटतात तेच मुळी मीठ लावलेल्या तांदळांतून. शेवटी विस्तवावरून उतरवताना डाळव्याचे, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे, पीठ भुरभुरतात. हे पीठ चवीसाठी असते असा माझा इतकी वर्षे समज होता. पिळल्यानंतरही मुरमुऱ्यांत जे पाणी राहते ते ओढून घेण्याचे काम हे पीठ करते, म्हणून प्लेट हातात आल्यावर पाच मिनिटे गेली तरी दाणा दाण्याला चिकटत नाही. मी तसे बोलून दाखवले तेव्हा मामा म्हणाले, ‘एवढे दिवस काय खाऊलालाव मग?’

चवीबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही, हे मान्य करून लिहितो: मी खाल्लेल्या सर्व ठिकाणच्या सुशीलांत ही सर्वोत्तम आहे, मात्र सकाळी साडेआठपर्यंतच. त्यानंतर गर्दी ओसरते, परात झाकून ठेवली जाते आणि वाफेने खालचा थर ओला होतो. दहा वाजता येऊन खाल्लेल्या प्लेटवरून या हॉटेलाबद्दल मत बनवणाऱ्या माणसाशी माझा वाद नाही, त्याने वेगळाच पदार्थ खाल्लेला असतो.

भज्यांच्या बाबतीत मात्र मला कबूल करावे लागते की ती पूर्वीची राहिलेली नाहीत. मिरचीच्या भज्याचे पीठ अजूनही हाताने फेटतात, ओवा अजूनही तळव्यावर चोळून घालतात, मिरचीला चीर देऊन आत चिंचेचे बोट फिरवण्याची पद्धतही टिकून आहे. पण तेल बदलले आहे. माझ्या लहानपणी आमच्या भागात करडईचे पीक पुष्कळ असे, घाण्यावरचे करडईचे तेल घरोघर येई आणि या कढईतही तेच असे. आता रानात सोयाबीन आहे आणि कढईतही सोयाबीनच. कृषी सेवा केंद्रवाल्या मित्राला हे सांगितले तर त्याने करडई काढताना हातापायांना टोचणारे काटे, मिळणारा भाव आणि मजुरी यांचा हिशेब मांडला आणि माझ्या हातातले भजे अर्धे उचलून खाल्ले. भजी चांगलीच आहेत. फक्त जिभेवर मागून येणारा तो खमंगपणा आता येत नाही.

चहा गोड असतो, फार गोड असतो, आणि बशीतून प्यावा.

पाण्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मराठवाड्यातल्या कोणत्याही हॉटेलाचा अभिप्राय पुरा होत नाही. येथे दारातच मातीचा रांजण आहे, त्याला ओले गोणपाट गुंडाळलेले असते आणि वर झाकणावर एक पितळी ओगराळे ठेवलेले असते. थंडगार बाटल्यांचे कपाट आत आले असले तरी पुढच्या बाकावर रांजणाचेच पाणी मिळते आणि त्याचे पैसे नाहीत. २०१६ चा उन्हाळा आम्ही कोणी विसरलेलो नाही. मांजरा धरण आटले होते. त्याच धरणावर लातूरही अवलंबून आणि अंबाजोगाईही. लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी आले आणि साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले. आमच्या गावाला तर रेल्वेच नाही. त्या मे महिन्यात मी आलो तेव्हा या हॉटेलात ग्लास पालथे घातलेले होते, मागेल त्याला अर्धा ग्लास मिळत होता, सुशीला वर्तमानपत्राच्या कागदावर येत होती कारण प्लेटा धुवायला पाणी नव्हते, आणि मुरमुरे भिजवलेले घमेल्यातले पाणी मामा फेकून न देता दारातल्या कडुलिंबाला घालत होते. सुशीला मात्र एकही दिवस बंद नव्हती.

येथपर्यंतचा अभिप्राय वाचून कोणी निघण्याच्या तयारीत असेल तर त्याने पुढचा भाग आधी वाचावा, कारण या हॉटेलाला आता दोन तोंडे आहेत. पुढच्या भागामागे मामांचे राहते घर होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या चिरंजीवांनी ते पाडून तेथे वातानुकूलित ‘फॅमिली हॉल’ बांधला. आत जाण्यासाठी कढईच्या शेजारून एक अरुंद बोळकांडी आहे, तिच्या शेवटी काचेचे दार आणि दारापलीकडे एकदम दुसराच मुलूख. भिंतींवर वारली चित्रे रंगवलेली आहेत, जी पालघरकडची. आमच्या बालाघाटात ती कशी आली हे रंगाऱ्यालाच ठाऊक. बैलगाडीचे एक चाक टांगलेले आहे, कंदिलांत विजेचे दिवे आहेत आणि प्लास्टिकचे आवरण चढवलेली यादी आहे, जिच्यात सुशीलेचा उल्लेख कोठेही नाही. यादीच्या अग्रभागी आहे ‘स्पेशल गावरान थाळी’, किंमत २८० रुपये. पुढच्या बाकावर सुशीला-भजी ४० रुपयांना आणि चहा १० रुपयांना मिळतो, हे तुलनेसाठी सांगतो.

ही थाळी आम्ही चौघांनी आपापल्या कुटुंबांसह एका दुपारी मागवली, बारा माणसांनी. तिच्यात ज्वारीच्या दोन भाकरी, पिठले, येसर आमटी, वांग्याचे भरीत, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कुरडई, पापड, आमरस आणि, का कोण जाणे, जिरा राइस होता.

भाकरीपासून सुरुवात करतो, कारण मराठवाड्यात गावरान जेवणाचा दावा करणाऱ्याने आधी भाकरी दाखवावी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते उकळत्या पाण्याने मळतात, हाताच्या टाचेने रगडतात आणि मळल्याबरोबर थापतात. तव्यावरून विस्तवावर गेलेली भाकरी फुगते, आणि फुगलेली भाकरी ताटात पडल्यापासून दहा मिनिटांत खाल्ली गेली पाहिजे. आमच्या ताटांत आलेल्या भाकऱ्या सकाळीच भाजून ठेवलेल्या आणि आयत्या वेळी पुन्हा तव्यावर टाकलेल्या होत्या. कडा तडकल्या होत्या आणि मोडताना कटकन आवाज झाला. ज्वारी वाईट नव्हती. चिरंजीवांनी सांगितले की ती मालदांडी आहे आणि रंगावरून, चवीवरून मला ते पटले. चांगल्या ज्वारीची वाईट भाकरी खाताना जास्त वाईट वाटते.

येसर आमटीबद्दल मला हळहळ वाटली. येसर म्हणजे गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेले पीठ. उन्हाळ्यात वर्षाचे तिखट-मसाले करतात तेव्हाच तेही करून डबा भरून ठेवतात, आणि अचानक पाहुणे आले की फोडणीच्या पाण्याला लावून पंधरा मिनिटांत आमटी होते. या हॉटेलातले येसर घरी मामी स्वतः करतात आणि त्याचा वास ताट समोर येण्याआधीच आला. परंतु येसर लावलेली आमटी चुलीवर राहिली की दाट होत जाते. आमची आमटी सकाळी अकराला झाली होती आणि आम्ही दीड वाजता जेवायला बसलो. वाटीत चमचा उभा राहत होता. तिच्यात कोमट पाणी घालून तिला सारखी करणारे कोणी स्वयंपाकघरात नव्हते.

आमरसाचे प्रकरण आणखी स्पष्ट होते. मराठवाड्याच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो खरोखर गुणाचा आंबा आहे, पण आमच्याकडे तो मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला हाती येतो. आम्ही जेवलो तो दिवस मेच्या मध्यावरचा होता. वाटीतला रस एकसारखा नारिंगी, एकही धागा नसलेला आणि सगळ्या बारा वाट्यांत अगदी एकाच गोडीचा होता. रायवळ आंब्याच्या आढीत हात घालून लहानपण गेलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. घरच्या रसाच्या दोन वाट्या कधी एका चवीच्या नसतात. मी विचारले तेव्हा चिरंजीवांनी आढेवेढे न घेता ‘डब्यातला पल्प आहे, काका’ असे सांगितले. त्यांच्या प्रामाणिकपणाचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. यादीत मात्र ‘गावरान आमरस’ असेच छापलेले आहे.

शेंगदाण्याची चटणी उत्तम होती, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. ती पुढच्या भागातूनच येते.

जेवण झाल्यावर बाहेर कडुलिंबाखाली उभे असताना मी तक्रारीचा सूर लावला, तेव्हा शिक्षक मित्राने मला थांबवले. तो म्हणाला, ‘ही थाळी गावातला एक माणूस तरी खातो का रे? ही तुमच्यासाठी काढली आहे.’ आणि मग त्याने आठवण करून दिली ती आमच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्याची. हॉल बांधायच्या आदल्या वर्षीच्या मेमध्ये आम्ही तीस-पस्तीस जण पुणे, मुंबई, नाशिक, हैदराबाद अशा ठिकाणांहून जमलो होतो, या बाकांवर दाटीवाटीने बसलो होतो, आणि मामांना आग्रहाने सांगत होतो की बायकामुलांना घेऊन बसायला जागा करा, एसी लावा, भाकरी-पिठले ठेवा, गावाकडचे म्हणून काहीतरी मिळाले पाहिजे. बोलणाऱ्यांत मीही होतो. कदाचित सगळ्यांत मोठा आवाज माझाच असेल.

चिरंजीवांशी नंतर सविस्तर बोललो तेव्हा हिशेब समजला. हॉल भरतो तो एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे शाळांच्या सुट्या असेतोवर. शिवाय योगेश्वरी ही कोकणस्थांपैकी पुष्कळ घराण्यांची कुलस्वामिनी असल्यामुळे पुण्या-मुंबईचे लोक दर्शनाला येतात, तेही बहुधा याच दिवसांत आणि नवरात्रात. उरलेल्या महिन्यांत वाढदिवस, एखादा साखरपुडा, नाहीतर कुलूप. त्यामुळे आतला स्वयंपाकी हंगामापुरता बाहेरून आणलेला असतो आणि त्याला भाकरी येत नाही. भाकरी करणाऱ्या दोन बाया सकाळी येतात, शंभर भाकऱ्या भाजतात आणि आपल्या घरी जातात. दुपारभर चुलीपुढे बसवून ठेवायचे तर त्यांना पूर्ण दिवसाची रोजी द्यावी लागेल, आणि गिऱ्हाईक एका वेळी येत नाही, तुटक तुटक येते. एका भाकरीला थापण्या-भाजण्यासह दोन-तीन मिनिटे धरली तर बारा माणसांच्या चोवीस गरम भाकऱ्यांना एका चुलीवर तासभर लागेल. तेवढा वेळ पुण्याहून आलेले गिऱ्हाईक थांबणार नाही, असे चिरंजीवांचे म्हणणे. ते चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही, कारण वीस मिनिटांनी पहिली विचारणा आमच्याच टेबलावरून झाली होती.

असे असले तरी २८० रुपयांत शिळी भाकरी आणि डब्यातला रस देणे समर्थनीय ठरत नाही. यादीतून निम्मे पदार्थ काढून टाकावेत, भाकरीऐवजी गरम धपाटे ठेवावेत, जे थोडे थांबले तरी मऊ राहतात, आणि आमरस केसर आल्यावरच द्यावा. हे सर्व मी चिरंजीवांना सांगितले आहे आणि त्यांनी वहीत लिहूनही घेतले आहे. गेल्या वर्षीच्या सूचनाही त्याच वहीत होत्या, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

आता हॉलच्या बाजूने एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर हा अभिप्राय एकांगी होईल. पुढच्या बाकांचे मी एवढे कौतुक केले, पण त्या बाकांवर मी आजवर एकही बाई बसलेली पाहिलेली नाही. कोणी मज्जाव केलेला नाही. तशी रीतच नाही. माझी आई या बोळाने आयुष्यभर देवळात गेली-आली, कढईचा वास तिला रोज येत होता, माझ्या पिवळ्या बोटांवरून तिला सगळे कळत होते, आणि तिने मामांची सुशीला कधी चाखलेली नव्हती. काचेच्या दारामागचा हॉल झाला म्हणून यंदा ती पहिल्यांदा या हॉटेलात आली. आम्ही तिला सकाळी साडेसातला घेऊन गेलो. हॉल अकराला उघडतो, पण चिरंजीवांनी तिच्यासाठी कुलूप काढले आणि पंखा लावून दिला. यादीत नसलेली सुशीला मी स्वतः पुढून दोन हातांत दोन प्लेटा धरून बोळकांडीतून नेली. आईने सावकाश सगळी प्लेट संपवली, पदराला बोटे पुसली आणि म्हणाली, ‘चांगली आहे. डाळव्याचं पीठ जरा कमी पडलंय.’ नंतर मामा स्वतः आत आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, ‘काकू, इतक्या दिवसांनी?’ त्यावर आई म्हणाली की बोलावले कोणी होते.

तेव्हा माझी शिफारस अशी की, हॉल सकाळी सातला उघडावा आणि तेथे सुशीला, भजी व चहा एवढेच द्यावे. त्यासाठी बाहेरचा स्वयंपाकी लागणार नाही, भाकरीचा प्रश्न येणार नाही, आणि गावातल्या बायका आपसूक येतील. त्या आल्या तर जून ते एप्रिलचे कुलूपही निघेल. तोपर्यंत बसण्याची अडचण नसणाऱ्यांनी पुढच्या बाकावर बसावे, आणि ज्यांच्याबरोबर घरची मंडळी आहेत त्यांनी सकाळी लवकर जाऊन हॉल उघडून मागावा. नाही म्हणत नाहीत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पैसे रोख ठेवावेत. मोबाइलवरून देता येतात, पण तो फलक चिरंजीवांच्या टेबलावर असतो आणि ते साडेनऊशिवाय येत नाहीत. गाडी बोळात आणू नये, वळवता येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी सुशीला साडेसातलाच संपते. लिंबू मागितल्याशिवाय मिळत नाही. सुशीला बांधून घेऊ नये, मी बसमध्ये खाण्यासाठी एकदा घेतली होती आणि मांजरसुंब्याला पोहोचेपर्यंत तिचा गोळा झाला होता.

यंदा निघण्याच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा मामांनी आपणहून एक पिशवी पुढे केली. कोरडे मुरमुरे एका पाकिटात, शेंगदाणे, मिरची, कढीपत्त्यासह तयार फोडणी दुसऱ्या छोट्या डबीत, आणि कागदात बांधलेले दोन लिंबू. म्हणाले, ‘पुण्याला पाणी चोवीस तास आहे म्हणतात, भिजवायचं तिथंच भिजवा.’ पुण्यात पाणी चोवीस तास नाही, हे सांगायचे मी टाळले. आता ही पिशवी मागणाऱ्या कोणालाही मिळते, साठ रुपयांत चार प्लेटा होतात. यादीत तिचा उल्लेख नाही, पुढच्या बाजूला मागावी लागते. घेतल्यावर डाळव्याच्या पिठाची पुडी आत आहे की नाही ते बसमध्ये चढण्याआधी बघून घ्यावे, माझ्या पिशवीत ती नव्हती.